खडकमाळच्या रबरी चपला

४ ऑगस्ट

आज सकाळी साडेदहाला खडकमाळ तंत्र विद्यापीठाच्या कुलगुरुपदाची सूत्रं घेतली. तीस वर्षं सांगलीत इलेक्ट्रिकलच्या मुलांना अर्थिंग शिकवलं. गळालेला करंट माणसाच्या अंगातून न जाता गुपचूप जमिनीत उतरावा, यासाठी करायची ती सोय. पीएचडीही त्यातच, खडकाळ कोरड्या जमिनीवर. आता दारावर पितळी पाटी: डॉ. सुमंत वाळिंबे, कुलगुरू. शिपायाने ती माझ्यासमोर दोनदा पुसली.

विद्यापीठ सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या बरोबर हद्दीवर आहे. मुख्य इमारत साताऱ्यात, मुलींचं वसतिगृह सांगलीत. दोन वर्षांपूर्वी एका तपासणीसाठी इथे येऊन गेलो होतो. तेव्हा भरलं वांगं फार उत्तम होतं, एवढंच आठवतं. झाडं तेव्हाही नव्हती.

कुलसचिव हंबीरराव खराडे यांनी शाल घातली. शांत, हसतमुख माणूस. कुठलाही कागद सरळ हातात देत नाहीत, फाइलमध्ये घालून देतात.

दुपारी स्वतःच्या स्वच्छतागृहात हात धुताना अंगातून एक शिरशिरी गेली. पार कोपरापर्यंत. पदाची जबाबदारी माणसाला अशी शारीरिक जाणवते, हे वाचलं होतं, आज अनुभवलं.

५ ऑगस्ट

शिरशिरी आजही आली. आजही हात धुतानाच.

शिपाई स्वच्छतागृहाच्या दाराशी रबरी चपला घेऊन उभा असतो आणि मी आत जाण्याआधी वाकून त्या पायाशी ठेवतो. इतका आदर नको, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आदर न्हवं साहेब, घालाच." खेड्यातली ही निष्ठा शहरात उरली नाही.

७ ऑगस्ट

वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला भेट. तिथल्या मुख्य स्वयंपाकीण बनुबाई, साठीच्या आसपासच्या. अडीचशे मुलींचा स्वयंपाक त्या तिघीजणी करतात. मी विचारलं, काही अडचण?

"आवं साहेब, अडचण म्हंजे, नळ चावतोय."

"चावतो?"

"तांदूळ धुवाया गेलं की चावतोय. पावसात लय. आमी आपलं एक हात पदराला पुसतो, चपला घालतो आन् देवाचं नाव घेतो."

हंबीरराव मध्येच म्हणाले, "ग्रामीण भाषा फार चित्रमय असते, सर." आम्ही पुढे निघालो.

नळ का चावतो, हे मला कळत नाही असं नाही. ते कळण्यासाठी तर पीएचडी केली.

११ ऑगस्ट

तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी भेटायला आली. संयोगिता बिराजदार, जतच्या पुढच्या एका गावची. बोलताना मधूनच कानडी हेल. तिने वसतिगृहातल्या सगळ्या नळांचं व्होल्टेज मोजून तक्ता केला होता. अकरा नळ. सगळ्यात कमी बावीस व्होल्ट, सगळ्यात जास्त चौऱ्याऐंशी.

तक्ता अतिशय नीटनेटका होता. एके ठिकाणी एकक लिहायचं राहिलं होतं, ते मी लाल पेनाने दाखवलं आणि दहापैकी नऊ दिले.

ती म्हणाली, "सर, मार्क नकोत. नळाचं काय करणार?"

कुलसचिवांमार्फत अर्ज करायला सांगितलं. वर्गात असतो तर लगेच तिच्याबरोबर गेलो असतो. पण कुलगुरू मीटर घेऊन नळ तपासत फिरू लागला तर संस्थेबद्दल लोक काय समजतील?

१३ ऑगस्ट

हंबीररावांशी बोललो. ते सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "सर, आपण आता इंजिनिअर नाही. आपण कुलगुरू आहात. इंजिनिअरला दोष दिसतो, कुलगुरूला प्रक्रिया दिसली पाहिजे."

यात तथ्य आहे.

जानेवारीत मूल्यांकन समिती येणार आहे. फाइलमध्ये 'शॉक' हा शब्द आला तर तो कायमचा राहील. म्हणून सात जणांची 'नळस्पर्श-संवेदना अभ्यास समिती' नेमली. चार सदस्य सातारा जिल्ह्यातले, तीन सांगलीतले. वसतिगृह सांगलीत असल्याने सांगलीकर नाराज आहेत.

समितीचा अहवाल येईपर्यंतची सोय म्हणून एक परिपत्रक मी स्वतः लिहिलं: "परिसरातील सर्व घटकांनी सर्व प्रसंगी रबरी तळाच्या चपला वापराव्यात." कारण दिलं नाही. दोनदा वाचून पाहिलं. भाषा चांगली उतरली आहे.

बायकोला, ज्ञानदाला, फोनवर वाचून दाखवलं. ती सांगलीतच राहिली आहे, तिच्या गणिताच्या शिकवण्या आहेत. ती म्हणाली, "अहो, पण नळ?"

२५ ऑगस्ट

परिपत्रकाची अंमलबजावणी शंभर टक्के. व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक कोट, टाय आणि निळ्या पट्ट्यांच्या चपला अशा वेशात येतात. सुरुवातीला त्यांनी मान खाली घातली होती, आता ताठ चालतात. व्हरांड्यात दिवसभर फट्‌फट् असा आवाज असतो. मला तो आवडू लागला आहे.

आज एक वार्ताहर आला. त्याने विचारलं, सगळे चपलांत का? मी तोंड उघडण्याआधी हंबीरराव म्हणाले, "साधेपणा. कुलगुरूंचा आग्रह आहे."

ते खोटं होतं असं म्हणता येणार नाही. चपला साध्याच आहेत.

२७ ऑगस्ट

पेपरात आलं. 'बुटांना रामराम: खडकमाळचा साधेपणाचा धडा.' माझा फोटो, पायांसकट.

९ सप्टेंबर

साताऱ्याकडच्या एका शिक्षणसंस्थेचं अकरा जणांचं शिष्टमंडळ 'खडकमाळ पॅटर्न' पाहायला आलं. त्यांनी चपलांच्या तळाची जाडी मोजून घेतली. मी पाऊण तास बोललो. विषय आयत्या वेळी सुचला: 'पायापासून परिवर्तन'. बोलता बोलता मलाच ते पटत गेलं. बूट माणसाला माणसापासून तोडतो, असं एक वाक्य आपोआप तोंडून आलं आणि लोकांनी ते लिहून घेतलं.

शिष्टमंडळातल्या एका बाईंनी जेवणाआधी हात धुतले आणि किंचाळल्या. हंबीरराव म्हणाले, "पाणी गार असतं इथलं."

संध्याकाळी ज्ञानदाला भाषण ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "नळ दुरुस्त झाला का?" तिला कामाचा व्याप समजत नाही. शाळेच्या गणितात उत्तर एकच असतं.

२२ सप्टेंबर

अभ्यास समितीची पहिली बैठक. दोन तास नावावर गेले. 'संवेदना' की 'अनुभूती'? मराठी विभागाने 'अनुभूती' लावून धरली. मग समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी सर्वेक्षण मांडलं. नळाला हात लावल्यावर काय वाटतं: काहीच नाही, थोडं, बरंच, सांगता येत नाही. बासष्ट टक्के मुलींनी 'थोडं' लिहिलं होतं. निष्कर्ष: परिस्थिती समाधानकारक.

समितीत इलेक्ट्रिकलचं कोणी नाही. विभागाला प्राध्यापकच नाही, जागा दोन वर्षं रिकामी आहे. मी मोजमापाचा विषय काढला. एक सदस्य नम्रपणे म्हणाले, "सर, मोजलं की आकडा येतो. आकडा आला की त्याचं काहीतरी करावं लागतं."

मोजमाप न करण्याचा ठराव मंजूर झाला. माझ्याच सहीने.

३ ऑक्टोबर

जोतीराम हा आमचा वायरमन, माणमधल्या दहिवडीजवळचा. सैन्यात सतरा वर्षं वीज सांभाळून आलेला. आज तो फाइल न घेता थेट आत आला.

"साहेब, अर्थिंगचं झाकण उघडलंय. येऊन बघताय का?"

मुख्य इमारतीमागे सिमेंटचा चौकोन, त्यावर लोखंडी झाकण, झाकणावर ठळक रंगात 'अर्थ पिट क्र. ३'. मी वाकून पाहिलं. आत मुरूम, मुरमात उभा केलेला पाइप. जोतीरामाने तो एका हाताने उपसून माझ्यासमोर धरला. दीड फूट.

"खाली खडक हाय," तो म्हणाला. "खोदायचा कंटाळा केला आन् पायपाचा तुकडा खोचला. तांब्याची पट्टी तर न्हाईच. आठही खड्ड्यांत असंच. वर झाकनं मातूर झ्याक हायती."

"आणि गळतीचे स्विच? करंट गळला की आपोआप पडतात ते?"

"पडायचे की. दर घटकेला पडायचे. परीक्षेत लाइट जातीय म्हनून गेल्या साली वरनं हुकूम आला, सगळे बायपास करा. लेखी हाय माझ्याकडं."

काम पूर्ण झाल्याचा तपासणी दाखला कोणी दिला, ती फाइल मागवतो, असं मी म्हणालो. जोतीराम माझ्याकडे न पाहता पाइपावरची माती झटकत राहिला.

"सही कुनाची हाय ते मला न्हाई सांगता येनार, साहेब. अक्षर लय सुबक हाय."

४ ऑक्टोबर

फाइल आली. तांत्रिक तपासणी, दोन वर्षांपूर्वीचा मार्च. 'अर्थिंगची सर्व कामे प्रत्यक्ष पाहिली. समाधानकारक.' खाली सही.

सही माझी आहे.

त्या दिवशीचं आता सगळं आठवतं. ऊन फार होतं. कंत्राटदाराच्या माणसाने लांबून आठ झाकणं दाखवली आणि म्हणाला, जेवण तयार आहे. मी उभ्या उभ्या आठ मोजली. एकही उचलायला सांगितलं नाही. ज्या विषयात मी पीएचडी केली, तो विषय त्या झाकणाखाली होता आणि मी वांगं गार होईल म्हणून निघालो.

फाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं. हे कोणाला सांगायचं? मूल्यांकन होऊन जाऊ दे, मग.

१६ ऑक्टोबर

बनुबाईंना अपघात. चपलेचा अंगठा तुटला होता, तो त्यांनी सुतळीने बांधला होता. तांदूळ धुताना तो सुटला, पाय ओल्या फरशीवर टेकला, हात नळावर. भिंतीवर फेकल्या गेल्या. मनगट मोडलं, तळहात भाजला. संयोगितेने लाकडी पाटावर उभं राहून त्यांना ओल्या फरशीवरून बाजूला ओढलं आणि जोतीरामाने विट्याच्या दवाखान्यात नेलं. जिवावरचं हातावर निभावलं.

दिवसभर सह्या केल्या. चाळीसेक केल्या.

१७ ऑक्टोबर

कालच्या सह्यांमध्ये एक कारणे दाखवा नोटीस होती. बनुबाईंना. 'आपण परिपत्रकाचा भंग करून सुस्थितीत नसलेली चप्पल वापरल्याने अपघात घडला व संस्थेची प्रतिमा धोक्यात आली.' मी सही केलेली. आज तिची प्रत टेबलावर आली तेव्हा वाचली.

हंबीररावांना बोलावलं. ते म्हणाले, "कोणाची तरी चूक असावीच लागते, सर. चपलेला नोटीस देता येत नाही."

मी गाडी काढायला सांगितली.

दवाखान्यात बनुबाई उशाला टेकून बसल्या होत्या. हात गळ्यात बांधलेला. बाजूला संयोगिता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बनुबाईंच्या मांडीवर ती नोटीस होती, पोचवणारा माझ्याआधी पोचला होता.

"साहेब, माफी करा," बनुबाईच म्हणाल्या. "चूक माझीच. नवी चपल घ्यायला पायजे व्हती. बाजारला जानं झालं न्हाई. पोरींच्या जेवनाचं कोन बघतंय?"

मला सांगायचं होतं की चूक तुमची नाही. तोंडातून निघालं, "प्रकृतीची काळजी घ्या." इतकी वर्षं बोलण्यावर पोट भरलं आणि तिथे एवढंच सुचलं.

नोटीस मागून घेतली आणि गाडीत बसून फाडली. तिच्या चार प्रती आहेत, हे नंतर कळलं.

३० ऑक्टोबर

पदवीदान समारंभ ९ नोव्हेंबरला. प्रमुख पाहुण्यांनी होकार दिला आहे. राज्यभर नाव असलेले मोठे गृहस्थ, सत्तरी ओलांडलेले. चपलांची बातमी वाचून ते भारावले आहेत. त्यांनी कळवलं आहे: "आपण बूट सोडलेत, मी एक पाऊल पुढे टाकतो. फाटकापासून व्यासपीठापर्यंत अनवाणी चालत येईन आणि समई प्रज्वलित करीन."

मांडव लोखंडी खांबांचा. दिव्यांच्या माळा खांबांना गुंडाळलेल्या. अवकाळी पाऊस रोज दुपारी येतो आहे.

मी हंबीररावांना सरळ म्हणालो, "यात माणूस मरू शकतो."

त्यांनी तातडीने उपसमिती नेमली. उपसमितीचा निर्णय: पाहुण्यांच्या वाटेवर रबरी मॅट अंथरावी आणि वर फुलं टाकावीत, म्हणजे मॅट दिसणार नाही.

जोतीराम म्हणतो, खालच्या ओढ्याकाठी काळी ओली माती आहे. तिथे खड्डे घेऊन पट्टी वर आणली तर चार दिवसांचं काम. खरेदी विभाग म्हणतो, नव्वद दिवसांची प्रक्रिया. मी म्हणालो, समारंभानंतर पाहू. जोतीराम "जी" म्हणाला. इतका कोरडा 'जी' मी कधी ऐकला नव्हता.

९ नोव्हेंबर

क्रमाने लिहितो.

सकाळी सरी येऊन गेल्या. मांडवात चिखल नाही, पण गवत, सतरंज्या, सगळं ओलं. अकराला पाहुणे आले. फाटकाशी त्यांनी चपला काढल्या. फुलं टाकलेल्या मॅटवरून चालत आले, मी झगा आणि टोपी घालून मागे. सगळं ठरल्याप्रमाणे. मला वाटलं, निभावलं.

व्यासपीठाच्या पायरीशी ते थांबले आणि वळून मुलांना म्हणाले, "मी एकटाच का? चला, सगळेच मातीशी जोडले जाऊ!"

आणि पोरांनी चपला काढल्या. आठशे पोरं. पालकांनी काढल्या. व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांनी टायसकट काढल्या. चपलांचे ढीग पडले. शेवटच्या रांगेतली मुलं जागा नाही म्हणून खांबाला टेकायला निघाली. कडेला स्वयंसेवक म्हणून उभ्या असलेल्या संयोगितेच्या हातात मीटर होता. तिने खांबाला तार लावून आकडा पाहिला आणि पोरांच्या आडवी होऊन दोन्ही हात पसरले. "मागं व्हा, मागं! ये, खांबाला हात लावू नगा!"

मी धावलो. झगा दोन्ही हातांनी वर धरून धावलो, टोपी कुठे पडली माहीत नाही. वीजघरात जोतीराम मेन स्विचपाशीच उभा होता.

"हात घालनारच व्हतो," तो म्हणाला. "हुकूम न्हवता. म्हनलं पाच मोजतो आन् वढतो. तीन झाले व्हते."

मी स्विच ओढला.

दिवे गेले, पंखे गेले, सनई मध्येच थांबली, माइक गेला. थेट प्रक्षेपण गेलं. एवढी शांतता त्या माळावर मी कधी ऐकली नव्हती.

परत येऊन व्यासपीठावर चढलो आणि ओरडून सांगितलं: "इथल्या नळांत आणि खांबांत करंट आहे. या विद्यापीठाला अर्थिंग नाही! जमिनीशी जोडणीच नाही! कधीच नव्हती. झाकणं आहेत, खाली काही नाही. चपला त्याच्यासाठी होत्या. आणि सगळं ठीक आहे म्हणून सही करणारा माणूस मी आहे!"

माइक नव्हता. दोन रांगांपुढे काही गेलं नसावं. मागच्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाहुणे उठले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "केवढं मोठं सत्य! आपली जमिनीशी जोडणीच नाही! वर झाकणं, खाली काही नाही! असा आत्मपरीक्षण करणारा कुलगुरू मी पाहिला नाही!"

त्यांना माइकची गरज नव्हती. सगळा मांडव उभा राहिला. टाळ्या थांबेनात.

"नाही हो," मी म्हणत होतो, "खरंच करंट आहे."

"खरंच!" ते म्हणाले. "खरंच!"

तेवढ्यात संयोगिता मीटर उंच धरून खुर्चीवर चढली. "सर, ही उपमा न्हाई! व्होल्ट हायती! खांबाला एकशेदहा व्होल्ट होते! बनुबाईंचा हात मोडलाय त्यानं!"

टाळ्या आधी पुढून थांबल्या, मग मागून. कोणीतरी विचारलं, "कोण बनुबाई?" वसतिगृहाच्या मुलींनी एका आवाजात उत्तर दिलं. आमचं रोजचं जेवण त्याच रांधायच्या, हे सगळ्या मांडवाला त्यांनी ओरडून सांगितलं. मग सगळी माणसं खाली बसून मुकाट्याने आपापल्या चपला शोधू लागली. तो शोध पाऊण तास चालला. पाहुण्यांना त्यांची जोडी मिळाली नाही.

१० नोव्हेंबर

काय झालं ते सगळं दोन पानांत लिहून हंबीररावांना दिलं: सही, झाकणं, बायपासचा हुकूम, समिती, नोटीस. सोबत राजीनामा. तासाभराने कागद परत आला. कडेला शेरा: 'शॉक हा शब्द वगळून पुन्हा सादर करावे.'

तसाच वर पाठवला, शब्दासकट. चौकशी लागेल. माझ्यावरही लागेल, लागायलाच हवी.

ज्ञानदाला फोन केला. सगळं सांगायला वीस मिनिटं लागली. तिने विचारलं, "किती दिवस मनात ठेवलं होतंत हो हे?" मी तारीख सांगितली. ती म्हणाली, "मी सकाळच्या गाडीने येते."

२४ नोव्हेंबर

विद्यापीठ पंधरा दिवस बंद. बायपासच्या हुकुमाची प्रत जोतीरामाने चौकशी अधिकाऱ्यांच्या हातात दिली. कंत्राटदाराला बोलावणं गेलं आहे. इमारत लगेच सुरक्षित करा, असा लेखी आदेश आला आणि नव्वद दिवसांची खरेदी एका दुपारी झाली.

ओढ्याकाठी सहा खड्डे घेतले, दहा-दहा फूट. यंत्र काळ्या मातीत जाईना, रुतायचं, म्हणून मुलं फावडी घेऊन उतरली. मी कुलगुरू नाही, अजून आरोपी नाही, प्राध्यापकही नाही, त्यामुळे मला हातात फावडं घ्यायला कोणाची परवानगी लागली नाही. जोतीराम वरून ओरडायचा, "वाळिंबे सर, पट्टी सरळ धरा! पीएचडी हाय नव्हं तुमची?" त्याने पहिल्यांदाच मला साहेब म्हटलं नाही.

पट्टी वर आणून सगळं जोडलं. गळतीचे स्विच पुन्हा बसवले. संयोगितेने मोजलं, मग मी मोजलं, मग तिने पुन्हा मोजलं, कारण माझ्या मोजण्यावर तिचा अजून विश्वास नाही. जमिनीशी रोध एक पूर्णांक सहा दशांश ओहम. याहून चांगलं मी प्रबंधातही लिहू शकलो नव्हतो.

ज्ञानदा काठावर बसून पोरांना सरबत देत होती. तिने विचारलं, "एवढंच होतं?" मी म्हणालो, "एवढंच."

१५ डिसेंबर

चौकशी सुरू आहे. दोनदा जबाब झाला. तोपर्यंत इलेक्ट्रिकल विभागात शिकवायला कोणी नाही म्हणून मला तासावर घेतलं आहे. हंबीरराव प्रभारी कुलगुरू आहेत.

आज वर्गात जाताना शिपायाने एक लिफाफा दिला. कारणे दाखवा नोटीस: 'आपण दि. १२ रोजी परिसरात चामडी बूट घालून वावरताना आढळलात. रबरी चपला ही विद्यापीठाची अधिकृत परंपरा असून आपण तिचा भंग केला आहे.' मूल्यांकन समितीपुढे ही परंपरा 'उत्कृष्ट उपक्रम' म्हणून मांडणार आहेत. तळाच्या जाडीचंही एक परिशिष्ट आहे.

उत्तरात लिहिलं: 'आता गरज नाही.' जावक क्रमांक घेतला आणि बूट काढून अनवाणीच तास घेतला. चपला घालायच्या नव्हत्या.

दुपारी बनुबाई आल्या. प्लास्टर निघालं आहे, बोटं अजून नीट मिटत नाहीत. कामावर रुजू व्हायला आल्या होत्या, पण स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबल्या होत्या. तांदळाचं घमेलं नळाखाली तसंच पडलं होतं. बाकीच्या दोघी म्हणत होत्या, मावशी, दुरुस्त झालंय, या. त्या हलत नव्हत्या.

"बनुबाई," मी म्हणालो, "ती सही माझी होती. तुमचा हात माझ्यामुळे मोडला. नोटिशीवरही मीच सही केली. न वाचता."

"पोरीनं सांगितलंय," त्या म्हणाल्या. माफ केलं असं नाही, नाही केलं असंही नाही. मग नळाकडे बोट करून म्हणाल्या, "तुमी धरा आदी."

मी ओल्या फरशीवर अनवाणी गेलो, नळ सोडला आणि दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. बाह्या भिजल्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, नळाकडे नाही.

मग त्यांनी चपला दाराशी काढल्या, जवळ आल्या, बरा हात मागे ठेवून मोडलेला पुढे केला आणि एक बोट धारेत धरलं. मग दुसरं. मग तळवा.

"गार हाय," त्या म्हणाल्या, आणि घमेलं पुढे ओढलं.